वनमंत्री साहेब, माळाला युरिया नको

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार. मी सुप्याकडचा, आजोबांची मेंढरं होती, आता शहरात नोकरी करतो पण पावसाळ्यात माळावर एक चक्कर असतेच. मागणी एकच आहे, कुरण विकासाच्या नावाखाली नैसर्गिक माळावर नत्राचं खत टाकू देऊ नका.

खताने चारा वाढतो, ते मी नाकारत नाही. युरियाची 45 किलोची गोणी सबसिडीमुळे तीनशेच्या आत मिळते, त्यात 46 टक्के म्हणजे वीसेक किलो नत्र, मग कोणालाही वाटणारच की टाका आणि गवत कापा. दिसतंही छान हिरवंगार, फोटो काढण्यासारखं.

पण नत्र मिळालं की उंच, जोमदार दोन-चार जाती सुसाट सुटतात आणि बुटक्यांना ऊनच मिळत नाही. झुरिकच्या संशोधकांनी 2009 मध्ये हे भारी दाखवलं, खत दिलेल्या गवताच्या बुडाशी चक्क दिवे लावले, आणि जिथं दिवे होते तिथं जाती टिकल्या! म्हणजे मारते ती सावली. इंग्लंडात रोथॅमस्टेडला तर 1856 पासून एकाच कुरणाचे तुकडे पाडून प्रयोग चालूय, बिनखताच्या तुकड्यात तीसच्या वर जाती आणि वर्षानुवर्षं भरपूर अमोनियम सल्फेट दिलेल्या, चुना न टाकलेल्या तुकड्यात दोन-तीन, कारण त्या खताने माती पण आंबट होते.

आता आपला माळ बघा. कुसळी, मारवेल, पवन्या आणि मधेमधे रानमुगासारखे वेल, जे मुळांच्या गाठींतून हवेतला नत्र स्वतःच मिळवतात, म्हणून तर गरीब मुरमाड जमिनीत तग धरतात. गोणी ओतली की त्यांचा हा फायदाच संपला. कासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दवबिंदू नावाच्या वनस्पतीसारखी झाडं किडे का खातात, तर मातीत नत्र फारच कमी म्हणून. ही गरिबी म्हणजेच त्या जागेची श्रीमंती आहे आणि आपण मात्र कागदावर तिला ‘पडीक’ म्हणतो, असो.

मेंढपाळ दिवसा माळावर चारतात आणि रात्री शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात, लेंडीखतासाठी. म्हणजे माळावरचा नत्र उचलून शेतात नेण्याचं काम शेकडो वर्षं फुकटात चालू आहे, वर चराईने गवत मोकळं राहतं, खालपर्यंत ऊन पोचतं. 6 खंडांतल्या 40 कुरणांवरचा अभ्यास 2014 मध्ये आला, त्यातही हेच निघालं, चरणाऱ्या जनावरांमुळे जिथं खाली उजेड वाढला तिथं जाती वाचल्या. आणि उलटं बघायचं असेल तर माळावरच जिथं मेंढरांचा वाडा (मुक्काम) बरेच दिवस बसलेला असतो तिथं पुढच्या पावसात या, नुसता काटेमाठ आणि गाजरगवत, आजोबा त्या जागेकडे बघायचे पण नाहीत.

तेव्हा साहेब, चारा पिकवायचाच असेल तर पाण्याखालच्या जमिनीवर वेगळे प्लॉट करा, तिथं खुशाल खत द्या. माळावर नको, कोंबडीखत पण नको. आणि मेंढपाळांना सरसकट हुसकावू नका, कुठं किती चरायचं ते त्यांच्यासोबत बसून ठरवा. हे लेखी आदेशात आलं तर बरं होईल, आणि पावसाआधी, कारण खत टाकतात ते पहिल्या पावसालाच.

आपला,
सुप्याचा एक माळकरी