‘काही झालं नाही ना?’

महोदय,

सोमवारच्या क्रीडा पानावरचा फॉर्म्युला वन मोटारशर्यतींतल्या दंडांबद्दलचा लेख वाचला. घडी घालून पेपर बाजूला ठेवला, चहा झाल्यावर पुन्हा उघडला, तरी राग तेवढाच. लेखकमहाशयांचं म्हणणं असं, की पंच ऊठसूट शिक्षा ठोकतात, त्यामुळे चालकांना मोकळेपणी भिडता येत नाही. इथवर ठीक, ज्याचं त्याचं मत. पण शेवटी त्यांनी विचारलंय, ‘कुणाला साधं खरचटलंही नाही, मग शिक्षा कशाला?’ या वाक्यासाठी हे पत्र.

मी शर्यतीतला जाणकार नाही. २७ वर्षं एका कारखान्याची स्टाफ बस चालवली, बहुतेक सगळी लालबहादूर शास्त्री मार्गावर. शर्यती बघायला लागलो ते नातवामुळे. तरी स्टीअरिंगवर हात झिजलेल्या माणसाला चूक कुणाची ते बऱ्यापैकी दिसतं.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा, फर्स्ट शिफ्ट, उशीर झालेला. भांडुपला स्टॉपवर एक बस उभी होती. तिच्या मागे थांबायला हवं होतं. मी गाडी उजवीकडे घेतली आणि रेटली. त्या बसच्या पुढून एक शाळकरी पोरगा निघाला, डोक्यावर दप्तर धरून. ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. गाडी घसरत गेली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. पोरानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तसाच पळत पलीकडे गेला. मागे कुणाचा तरी डबा उलटला होता. वरणाचा ओघळ पार माझ्या सीटखाली आला. दिवसभर गाडीला हिंगाचा वास येत होता.

दुसऱ्या सीटवर बसणाऱ्या एका बाईंनी कंपनीत जाऊन सांगितलं. मेमो आला, तीन दिवस ड्युटी बंद. मी तणतणत साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि हेच वाक्य बोललो, जे आपल्या लेखकानं छापलंय. ‘साहेब, काही झालं नाही ना?’ साहेब मान वर न करता म्हणाले, ‘झालं नाही ते त्या पोराच्या नशिबानं. तू काय केलंस ते लिही.’ पगार कापला गेला. त्या बाई पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्याच गाडीनं आल्या, रोज चढताना हसायच्या. पहिली दोन वर्षं मी काही हसलो नाही.

आता लेखकमहाशयांच्या ‘कडक’ शिक्षा बघू. २०२१ला इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला पहिल्याच फेरीत हॅमिल्टन या चालकाची गाडी व्हर्स्टापेन या दुसऱ्या चालकाला लागली. तो टायरच्या भिंतीत जाऊन आदळला, तपासणीसाठी इस्पितळात न्यावं लागलं. हॅमिल्टनला शिक्षा दहा सेकंद थांबण्याची, आणि ती भोगूनही शर्यत त्यानंच जिंकली! २०२५ला बार्सिलोनात रसेल या चालकाला जागा द्यायला सांगितलं म्हणून याच व्हर्स्टापेनचं डोकं सरकलं आणि त्यानं रसेलच्या गाडीला गाडी लावली. त्याच्या वेळेत दहा सेकंद वाढवले, तीन दंडगुण दिले, पाचव्यावरून दहावा. बारा महिन्यांत असे बारा गुण साठले तर एका शर्यतीची बंदी. ही पद्धत २०१४पासून आहे, आणि तिच्याखाली बंदी भोगणारा पहिला चालक निघाला २०२४ साली, मॅग्नुसन. दहा वर्षांत एक! आमच्या कंपनीत याहून जास्त मेमो एका दिवाळीत निघायचे.

माझी तक्रार उलटीच आहे. २०१२ला बेल्जियममधल्या स्पा इथे ग्रोजाँ या चालकानं सुरुवातीलाच हॅमिल्टनला दाबलं आणि ग्रोजाँची गाडी उडून आलोन्सो या आणखी एका चालकाच्या डोक्याजवळून गेली. एका शर्यतीची बंदी झाली, योग्यच. पण निकालात पंचांनी हेही नमूद केलं, की या धडकेमुळे विजेतेपदाचे दावेदार बाद झाले. म्हणजे मागच्या रांगेतला कुणी गरीब बाद झाला असता तर काय, स्वस्तात सोडणार होतात? शिक्षा गाडी कशी घातलीत त्याची असते, पुढे कोण होता त्याची नाही.

आणि ५ ऑक्टोबर २०१४, जपानमधलं सुझुका. पाऊस, पुढे धोका आहे, वेग कमी करा म्हणून दोन-दोन पिवळे झेंडे फडकताहेत, बंद पडलेली गाडी उचलायला ट्रॅक्टर आलेला. बियांकी नावाचा चालक त्या ट्रॅक्टरखाली गेला, नऊ महिने बेशुद्ध राहून वारला. त्यानं वेग पुरेसा कमी केला नव्हता, असं चौकशीत निघालं. त्या पोराला मी दोष देत नाही. वर्षानुवर्षं पिवळ्या झेंड्यात पाय थोडासाच उचलायचा आणि निघायचं, कारण काही होत नाही, ही सगळ्यांचीच सवय. पुढच्या वर्षी शर्यतवाल्यांनी आभासी सेफ्टी कार आणली, म्हणजे धोका असेपर्यंत सगळ्यांनी ठरलेल्या संथ वेगानं चालवायचं. आता ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर दंड, मग रस्ता मोकळा का असेना. याला आपले लेखक ‘जाच’ म्हणतात.

एक मात्र त्यांचं मान्य. सिंगापूरला पत्रकार परिषदेत शिवी दिली म्हणून व्हर्स्टापेनला समाजसेवेची शिक्षा झाली, ती त्यानं रवांडात जाऊन भोगली. हा नियम आमच्या रस्त्यावर लावला तर संध्याकाळी सहानंतर गाड्या चालवायला माणूस उरणार नाही.

जाता जाता, त्याच अंकातलं शहराचं पान. कोस्टल रोडवर रात्री गाड्यांची शर्यत लावणारी पोरं पकडली, आणि मथळ्यात आपण काय छापता, तर ‘थरार’! तिथे सरळ रस्त्याला वेगमर्यादा ८०ची आहे, बोगद्यात ६०ची. रस्त्यावर शर्यत लावली तर कायद्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. ही माहिती बातमीत कुठेच नाही. गाड्यांचा रंग मात्र आहे. मोठा फोटोही आहे. ती पोरं तो कापून भिंतीवर लावतील. पोलिसांपुढे ती काय म्हणाली असतील, हे मी न ऐकता सांगू शकतो.

पत्र लांबलं. मागच्या वेळी आपण माझ्या पत्रातला मधलाच परिच्छेद उडवला होता. या वेळी कापायचंच असेल तर शिवीचा कापा, वरणाचा ठेवा.

कळावे, लोभ असावा.

एक निवृत्त बसचालक,
भांडुप (प.), मुंबई