टीएसएच नॉर्मल होता, तरीही तुम्ही थांबलात

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे. लेकीची थायरॉईड ग्रंथी आज शाबूत आहे ती तुमच्यामुळे. पण ती शाबूत का ठेवायची हे तुम्ही गर्दीच्या ओपीडीतही आम्हाला नीट समजेपर्यंत सांगत राहिलात, त्याचे आभार मला त्याहून जास्त मानायचे आहेत.

तुमच्याकडे येण्याआधी तिचा गळा सुजलेला होता, नाडी बसल्याजागी शंभराच्या वर, आणि वर्गात पाच मिनिटं स्थिर बसणं जमत नव्हतं. फ्री टी३ आणि फ्री टी४, म्हणजे थायरॉईडची दोन्ही हार्मोन्स, वाढलेली. थायरॉईड जास्त झालाय म्हणून एका ठिकाणी तो कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. टी४ उतरला, पण टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन, चढला आणि गळा आणखीच फुगला. मग रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) देऊन ग्रंथीच निकामी करायची आणि पुढे जन्मभर थायरॉक्सिनची, म्हणजे टी४चीच, गोळी घ्यायची, अशी बोलणी सुरू झाली होती.

तुम्ही गोळ्या सुरू होण्याआधीचा रिपोर्ट मागून घेतलात आणि टीएसएचच्या आकड्यावर बोट ठेवलंत. तो नॉर्मल होता, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. रक्तात टी४ एवढा असताना मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीनं टीएसएच जवळजवळ शून्यावर आणायला हवा होता, मग तो जागच्या जागी कसा, हा तुमचा प्रश्न. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी तपासणीचे आकडे चुकू शकतात, म्हणून त्या चालू आहेत का, हे विचारलंत. दुसऱ्या पद्धतीनं तपासणी करून घेतलीत. आणि मग म्हणालात, "बाबांचंही रक्त घेऊया." बाबांचाही टी४ चढलेला, टीएसएच नॉर्मल! आयुष्यभर ज्यांच्या धडधडीला आम्ही घाईचा स्वभाव म्हणत आलो, त्यांच्या आणि लेकीच्या जनुकात एकाच जागी एकच अक्षर बदललेलं निघालं. तिसऱ्या गुणसूत्रावरचं, थायरॉईड हार्मोन रिसेप्टर बीटाचं जनुक. याला थायरॉईड हार्मोन रेझिस्टन्स म्हणतात आणि सुमारे ४०,००० जन्मांमागे एकाला हा त्रास असतो, असं तुम्ही सांगितलंत.

ग्रंथी निर्दोष होती. ती बनवत असलेलं हार्मोनही चोख होतं. ते ऐकून घेणारा रिसेप्टर नीट ऐकत नव्हता.

तुम्ही प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेशी काढलीत, तिच्यात केंद्रक, आणि केंद्रकात डीएनएवर बसलेला रिसेप्टर. तो कागद अजून फाईलमध्ये आहे. रक्तातून येणारा टी४ हा मुख्यतः साठा. पेशीत त्यातलं एक आयोडीन निघालं की टी३ होतो, आणि खरं काम तो करतो. कित्येक हार्मोन्स पेशीच्या पृष्ठभागावरच थांबून निरोप देतात, टी३ मात्र थेट केंद्रकात जातो. त्याचा रिसेप्टर तिथे आधीच आरएक्सआर नावाच्या जोडीदाराबरोबर ठरावीक जनुकांपाशी बसलेला असतो. आणि हार्मोन नसताना तो नुसता वाट पाहत बसत नाही, हे मला सगळ्यात नवं होतं. गाडी न्यूट्रलमध्ये नसते, हँडब्रेक ओढलेला असतो. रिसेप्टरनं धरून ठेवलेली प्रथिनं तिथला डीएनए आवळून ठेवतात, जनुक गप्प राहतं. टी३ येऊन बसला की रिसेप्टरचा आकार बदलतो, ती प्रथिनं सुटतात, दुसरी येतात, डीएनए सैल होतो आणि जनुकाची आरएनए प्रत निघू लागते. पिट्युटरीतल्या टीएसएचच्या जनुकाचं नेमकं उलटं: टी३ आला की ते मंदावतं.

या हार्मोनचा परिणाम लगेच का दिसत नाही, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही जमशेद टाटांबद्दल सांगितलंत. मुंबईत जन्मलेल्या या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात लंडनच्या मिल हिल इथल्या संशोधन संस्थेत दाखवलं, की थायरॉईड काढलेल्या उंदरांना टी३ दिला की आधी केंद्रकात आरएनए बनणं वाढतं, आणि शरीराचा चयापचय त्यानंतर कितीतरी तासांनी. आरएनए बनणंच औषधानं रोखलं तर चयापचय वाढतच नाही. रिसेप्टर स्वतः हाती लागला तो १९८६ मध्ये, आणि तोही कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या विषाणूतल्या एका जनुकाचा माग काढताना. शाळेत असताना हे कुणी असं सांगितलं असतं तर!

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली, दुसरी चांगली, मग ती का पुरत नाही? हा बाबांचा प्रश्न. बिघडलेला रिसेप्टर डीएनएवरची जागा अडवतो, ब्रेक सोडत नाही आणि चांगल्यालाही काम करू देत नाही. १९६७ मध्ये डॉक्टर सॅम्युअल रेफेटॉफ आणि सहकाऱ्यांनी हा आजार पहिल्यांदा ज्या कुटुंबात नोंदवला, तिथे आजारी मुलांमध्ये या जनुकाच्या दोन्ही प्रती गायब असल्याचं पुढे कळलं. त्यांच्या आईवडिलांची एकेक प्रत गायब होती, आणि ते ठणठणीत होते. म्हणजे एक प्रत नसणं परवडलं, बिघडलेली असणं नाही.

आणि हृदय का धडधडतं? तिथे मुख्यतः याच रिसेप्टरचा दुसरा प्रकार, अल्फा, असतो, तो हिचा चांगला आहे, त्यामुळे वाढलेलं हार्मोन त्याला पुरेपूर पोचतं. यकृत आणि पिट्युटरी बीटावर चालतात, त्यांना तेच हार्मोन कमी पडतं. एकाच अंगात एकाच वेळी जास्त आणि कमी! हे कळल्यापासून मी तिच्या चुळबुळीवर ओरडले नाही.

आता तिला धडधडीपुरती एक गोळी आहे. टी४ वाढलेलाच आहे, आणि तो तसाच राहू द्यायचा, कारण तिच्या शरीरानं तो गरजेनुसार वाढवून घेतलाय. हे तुम्ही ठळक अक्षरांत लिहून दिलंत, म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलं तरी कुणी घाईनं तो उतरवायला जात नाही. पुढे कधी तिच्या पोटातल्या बाळाला हा दोष नसेल, तर आईचा वाढलेला टी४ त्या बाळाला जास्त होऊ शकतो. तेव्हा काय सांभाळायचं, तेही तुम्ही आत्ताच नोंदवून ठेवलंत. आमच्या मनात तिची दहावीसुद्धा आली नव्हती!

मॅडम, मनापासून आभार. तिच्या आत्याचं रक्त तपासायला दिलं आहे. रिपोर्ट आला की घेऊन येतो.

आपली,
एक आई