‘निव्वळ’ या शब्दाशी अडलेले पेटंट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंत्र आणि वेब सॉफ्टवेअर या दोन्हींत काम करणाऱ्या संशोधकाला पेटंटच्या एकाच कायद्याचे दोन अगदी वेगळे अनुभव येतात, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

माझ्या भाच्याने डाळिंबाच्या प्रतवारीचे यंत्र बनवले. रोलरमधली फट पुढे पुढे रुंदावत जाते आणि फळ आपल्या मापाच्या जागी खाली उतरते. हा भाग मांडणे सोपे गेले: आकृतीत प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक, वर्णनात तोच क्रमांक आणि शेवटी दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला ते. मात्र फळांची नोंद वेबवर घेऊन रोलरचा वेग बदलणारी प्रणाली त्याने अर्जात घातली, तेव्हा ‘सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही’ असे सांगून सल्लागाराने ती पाने काढायला लावली.

हे अर्धसत्य आहे. पेटंट कायद्याचे कलम ३(के) ‘निव्वळ’ संगणक प्रणालीला पेटंट नाकारते, प्रत्येक प्रणालीला नव्हे. वेबवरील माहिती सुलभपणे मिळवण्याच्या पद्धतीसाठी फेरिद अलानी या संशोधकाने भारतात २००२ मध्ये केलेला अर्ज याच कलमावर नाकारला गेला होता. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रणालीचा तांत्रिक परिणाम पाहून अर्जाचा फेरविचार करण्यास सांगितले आणि २०२० मध्ये पेटंट मंजूर झाले. पण २० वर्षांची मुदत मंजुरीपासून नव्हे, तर अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. त्यामुळे हक्क हाती येईपर्यंत त्याचा बहुतेक काळ सरून गेला होता. मळणीयंत्र २० वर्षे शेतात टिकते. वेबवरची कल्पना तेवढी थांबत नाही.

वेग आपोआप कमी झाल्याने फळाची साल खरचटत नाही, हाच भाच्याच्या प्रणालीचा तांत्रिक परिणाम होता आणि तोच अर्जात एका वाक्यानेही आला नाही. पुढे ती प्रणाली प्रदर्शनात सर्वांसमोर चालवून दाखवली गेली. आता तिच्यासाठी नवीनतेचा दावा करणे कठीण आहे.

मुंबईत अँटॉप हिलला पेटंट कार्यालय आहे. मंजूर आणि नामंजूर झालेल्या सॉफ्टवेअर अर्जांतील दावे कारणांसह समजावणारी मराठी पुस्तिका या कार्यालयाने काढावी आणि ती तालुक्याच्या आयटीआयपर्यंत पोहोचवावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर