पेसमेकरचा पुनर्वापर व्हावा

पेसमेकर म्हणजे हृदयाचे ठोके नियमित ठेवण्यासाठी शरीरात बसवलेले, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र. त्याच्या किमतींवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. हृदयाचे ठोके मंदावलेल्या माणसाचा जीव वाचणार की नाही, हे तो कोणत्या देशात जन्मला यावर ठरते, हा त्यातला मुद्दा पटला. २००९ च्या जागतिक पाहणीत जर्मनीत दर दहा लाख लोकांमागे नऊशेहून अधिक नवे पेसमेकर बसवल्याची नोंद आहे. आपल्याकडे हा आकडा पन्नासही नव्हता. केवळ आजार तिकडे जास्त म्हणून नव्हे, ऐपत जास्त म्हणूनही.

केवळ किंमत उतरण्याची वाट पाहणे मात्र मला पुरेसे वाटत नाही. दहनाच्या उष्णतेत स्फोट होऊ नये म्हणून पेसमेकर अंत्यसंस्काराआधी काढावाच लागतो. पुष्कळदा त्याच्या बॅटरीत अजून काही वर्षांचे आयुष्य उरलेले असते. वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात अमेरिकेतून आलेले असे पेसमेकर निर्जंतुक करून ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांच्यात संसर्ग आढळला नाही. कॅनडातील संशोधकांनी २०२० मध्ये पुनर्वापर केलेली पेसमेकरसारखी हृदय-उपकरणे बसवलेल्या एक हजारांहून अधिक रुग्णांची माहिती मांडली. दोन वर्षांत संसर्गाचे प्रमाण २ टक्के होते, नव्या उपकरणांत १.२ टक्के, हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता, म्हणजे तो निव्वळ योगायोगानेही पडलेला असू शकतो.

आपण नेत्रदानाचा अर्ज भरतो, तसाच पेसमेकरदानाचाही भरता यावा. बॅटरीची तपासणी, निर्जंतुकीकरण आणि रुग्णाची लेखी संमती यांचे स्पष्ट नियम केंद्र सरकारने करावेत आणि मुंबईतील पालिका रुग्णालयांपासून सुरुवात करावी.

– एक वाचक, परळ, मुंबई