डीएफटीत ‘टाकलेल्या’ मुलीस

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, “आई, डिझाइनमध्ये घेतलं नाही गं, डीएफटीत टाकलं.” तो ‘टाकलं’ शब्द मला रात्रभर टोचत राहिला. डीएफटी म्हणजे तयार झालेली चिप तपासता यावी म्हणून डिझाइनमध्येच सोय करून ठेवणं. माझी सगळी नोकरी चिप तपासणाऱ्या मशीनपाशी, टेस्टरपाशी गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

साधा ६४ बिटांचा ॲडर, म्हणजे बेरीज करणारं सर्किट घे. इनपुट १२८. सगळ्या शक्यता तपासायच्या म्हटलं तर २ चा १२८ वा घात. सेकंदाला एक अब्ज तपासल्या तरी विश्वाचं वय पुरायचं नाही. त्यात एकेक बिट लक्षात ठेवणारे फ्लिप-फ्लॉप आले की बाहेरच्या पिनांवरून आत काय चाललंय ते दिसत नाही आणि हवी ती स्थिती बसवताही येत नाही. आयबीएमच्या आयशेलबर्गर आणि विल्यम्स यांनी १९७७ मध्ये स्कॅनची जी शिस्त मांडली, तिच्यावर आपण आजही उभे आहोत. टेस्टच्या वेळी सगळे फ्लॉप माळेसारखे ओवायचे, पॅटर्न आत सरकवायचा, एक क्लॉक देऊन उत्तर पकडायचं आणि दुसऱ्या टोकाने काढून ताडून पाहायचं. त्यासाठी प्रत्येक फ्लॉपच्या तोंडाशी एक मक्स, म्हणजे दोन वाटांतली एक निवडणारा स्विच लागतो. डिझाइनवाले एरिया गेला म्हणून कुरकुरतील. ऐकून घे, पण मक्स काढू देऊ नकोस.

एक प्रसंग तुला कधी सांगितला नव्हता. एका लॉटमधल्या चिप्स धडाधड फेल होऊ लागल्या आणि सगळ्यांनी फॅबला, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याला दोष दिला. मी शिफ्टचा, म्हणजे पॅटर्न सरकवण्याचा क्लॉक निम्म्यावर आणून पाहिला, तर त्याच चिप्स पास! पॅटर्न सरकताना एरवी कधी होत नाहीत इतके फ्लॉप एकदम पलटत होते, त्यामुळे व्होल्टेज खाली बसायचं आणि धडधाकट चिप चुकीचं उत्तर द्यायची. तोवर दोन ट्रे भंगारात गेले होते. पॅटर्न मी केलेले होते. टेस्टला ज्यांत काहीही चालतं ते मोकळे बिट रँडम भरले होते, शेजारच्या बिटासारखे भरले असते तर ते ट्रे वाचले असते. अजून वाईट वाटतं.

आता तुझ्या काळाबद्दल. २०२१ मध्ये फेसबुक आणि गूगलच्या इंजिनिअरांनी आपापल्या सर्व्हरमधल्या अशा प्रोसेसरांबद्दल लिहिलं, जे न अडखळता, एरर न देता चुकीचं गणित करत होते. फेसबुकच्या एका कोअरवर १.१ चा ५३ वा घात काढला की पूर्णांक १५६ यायच्या ऐवजी शून्य यायचा. फाइलचा आकार शून्य आला म्हणून फाइल लिहिलीच जायची नाही, आणि डेटा गुपचूप गायब व्हायचा. अशा चिप्स कारखान्यातली टेस्ट पास होऊनच बाहेर पडलेल्या असतात. हे वाचल्यापासून मला पक्कं वाटतं, की टेस्ट आता कारखान्याच्या दारात थांबणार नाही. गाडीतली चिप चालू होतानाच लॉजिक बिस्टने, म्हणजे आतच बांधलेल्या चाचणीने स्वतःला तपासते. सर्व्हरलाही कामावर असताना तपासावं लागतं आहे. तो रस्ता डिझाइनच्या वेळीच आत बांधावा लागतो आणि तो बांधणारी तू आहेस.

चिपलेटचंही तेच. चार डाय, म्हणजे सिलिकॉनचे सुटे तुकडे, एका चिपमध्ये एकत्र बसवले आणि त्यातला एक खराब निघाला, तर चांगले तीनही वाया. म्हणून प्रत्येक डाय आधी तपासलेला हवा, आणि रचल्यावरही वरच्या डायपर्यंत खालून पोचता आलं पाहिजे. २०१९ चं आयईईई १८३८ हे मानक त्यासाठीच आहे. एक मात्र जप: ज्या माळेतून तुला आतलं दिसतं, तिच्यातूनच चोराला एन्क्रिप्शनची किल्ली दिसू शकते. सिक्युरिटीवाल्यांशी शेवटी नको, पहिल्याच आठवड्यात बोल.

कव्हरेज, म्हणजे संभाव्य बिघाडांपैकी (फॉल्टपैकी) टेस्टमध्ये पकडले जाणारे, ९७ टक्क्यांवर अडकलंय म्हणालीस. टूलच्या रिपोर्टातला आकडा बाजूला ठेव आणि उरलेल्या फॉल्टची यादी स्वतः वाच. जे मुळातच टेस्ट करता येत नाहीत ते वेगळे, आणि एटीपीजीने, म्हणजे पॅटर्न तयार करणाऱ्या टूलने, वेळ संपला म्हणून सोडून दिले ते वेगळे. दुसऱ्या गटातले बरेचसे एकाच मॉड्यूलमध्ये दाटलेले सापडले, तर तिथे आतलं बघायला किंवा बदलायला एक-दोन जादा जागा, टेस्ट पॉइंट टाकून बघ. रविवारी यादी समोर घेऊन बस, मी सकाळी फोन करते.

तुझी,
आई