क्रमांक देण्याआधी नेटवर्क ऐकावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदुरातील एका रुग्णालयाच्या नेटवर्कची देखभाल मी करतो. गेल्या महिन्यात एका सोमवारी तिथल्या केसपेपरच्या खिडकीपासूनची रांग जिन्यापर्यंत गेली, कारण नोंदणीचा सर्व्हर क्षणभर उत्तर देई आणि पुन्हा गप्प होई. महूहून पहाटेच्या बसने आलेल्या एका आजींना उपाशीपोटी रक्त द्यायचे होते. त्या दुपारी एकपर्यंत तशाच बसून होत्या. केबल बदलली, स्विच (यंत्रांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) बंद करून चालू केला, काही उपयोग झाला नाही. शेवटी स्विचच्या तक्त्यात ००:००:५ई:००:०१:३३ हा एकच मॅक पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा पत्ता) कधी चौथ्या, तर कधी एकोणिसाव्या पोर्टवर दिसू लागला, तेव्हा उलगडा झाला.

व्हीआरआरपी (व्हर्च्युअल राउटर रिडन्डन्सी प्रोटोकॉल) या पद्धतीत दोन यंत्रे मिळून एक आयपी पत्ता सांभाळतात आणि एक बंद पडले की दुसरे तो उचलते. अशा प्रत्येक जोडीला १ ते २५५ पैकी एक क्रमांक द्यावा लागतो, आणि जोडीच्या सामाईक, म्हणजे आभासी, मॅक पत्त्याच्या शेवटी तोच षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीने येतो. ३३ म्हणजे ५१. राउटरांची जुनी जोडी ५१ वर होती. रविवारी सर्व्हरांची नवी जोडी बसवणाऱ्या कंत्राटदारानेही आभासी मॅक सुरू करून ५१ हाच क्रमांक दिला होता, म्हणून दोन्ही जोड्यांचा मॅक पत्ता एकच झाला आणि स्विच गोंधळला. सर्व्हरवर व्हीआरआरपी चालवणाऱ्या कीपअलाइव्हडी या सॉफ्टवेअरच्या नमुना फाइलमध्ये ५१ लिहिलेला असतो आणि ती अनेकदा जशीच्या तशी उतरवली जाते, त्यामुळे अशी टक्कर मुळीच दुर्मीळ नाही.

वास्तविक सक्रिय यंत्र सहसा दर सेकंदाला २२४.०.०.१८ या पत्त्यावर आपला क्रमांक जाहीर करत असते. लॅपटॉपवर टीसीपीडम्प हे नेटवर्कवरची पाकिटे दाखवणारे साधन लावून आयपी प्रोटोकॉल ११२ ची पाकिटे पाच मिनिटे पाहिली असती, तर ५१ वापरात असल्याचे रविवारीच कळले असते. मात्र ही घोषणा राउटर ओलांडत नाही, म्हणून प्रत्येक व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र विभागात) वेगळे ऐकावे लागते. काही फायरवॉल वापरतात ती कार्प ही व्हीआरआरपीसारखी पद्धतही हाच प्रोटोकॉल क्रमांक आणि याच धाटणीचे मॅक पत्ते घेते, तेव्हा तिचे क्रमांकही वापरातले धरावेत. त्या वेळी बंद असलेली जोडी, किंवा युनिकास्टने फक्त एकमेकांशी बोलणारी जोडी, अशा ऐकण्यात सापडत नाही. तिच्यासाठी यंत्रांच्या कॉन्फिगरेशन फाइलीच उघडाव्या लागतात.

म्हणून शहरातील रुग्णालये, महाविद्यालये आणि सहकारी बँकांच्या व्यवस्थापनांना माझी कळकळीची विनंती आहे, की वापरातल्या क्रमांकांची व्हीलॅनवार नोंदवही ठेवावी, आणि नवी यंत्रे बसवण्याच्या कार्यादेशात असे कलम घालावे की कंत्राटदाराने आधी नेटवर्क ऐकून सापडलेल्या क्रमांकांची यादी सहीनिशी द्यावी आणि मगच नवा क्रमांक घ्यावा.

आपला,
एक नेटवर्क अभियंता
राजेंद्रनगर, इंदूर