दाबयंत्राखालचा पियानो आणि लोकांचा राग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

७ मे २०२४ रोजी ॲपल कंपनीने नव्या आयपॅडचे सादरीकरण केले. त्यात दाखवलेल्या जाहिरातीवर जगभरातून टीका झाली, ती पाहून ‘लोक उगाच हळवे होतात’ असे म्हणणारे माझ्या ओळखीतही बरेच आहेत. मला ते पटत नाही, म्हणून हे पत्र.

जाहिरातीत एका अवाढव्य हायड्रॉलिक प्रेसखाली ट्रम्पेट, पियानो, गिटार, मेट्रोनोम, रंगांचे डबे, कॅमेऱ्याची भिंगे आणि पुस्तके रचून ठेवलेली आहेत. प्रेस संथपणे खाली येतो, ट्रम्पेट चेपतो, पियानो फुटतो, त्यावरून रंग ओघळतात, आणि प्रेस पुन्हा वर जातो तेव्हा खाली फक्त नवा आयपॅड उरलेला असतो. तेरा इंची आयपॅड प्रोची जाडी अवघी ५.१ मिलीमीटर आहे आणि या साऱ्या वस्तूंची कामे त्यात सामावली आहेत, एवढेच कंपनीला सांगायचे असावे. अभिनेते ह्यू ग्रँट यांना मात्र त्यात मानवी अनुभवाचा विध्वंस दिसला, आणि असंख्य चित्रकार-संगीतकारांनाही तेच जाणवले. दोनच दिवसांत कंपनीचे उपाध्यक्ष टॉर मायरन यांनी चूक मान्य करून माफी मागितली आणि ती जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखवण्याचा बेत रद्द झाला. ती वाद्ये खरी होती की संगणकावर घडवलेली, हा वाद मला गौण वाटतो, कारण पाहणाऱ्याच्या मनावर घाव बसतो तो दोन्ही वेळा सारखाच.

हा राग तंत्रज्ञानावरचा होता, असा समज करून घेणे चुकीचे आहे. मी गाणे शिकवते. रोजच्या रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावते, प्रवासात तर मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर भागवते, आणि त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही; खंडेनवमीला आमच्या वर्गात हा डबाही इतर वाद्यांच्या शेजारी पूजेला मांडलेला असतो. पण त्या डब्यातून येणारा स्वर मुळात कुणीतरी भोपळा पारखून वाळवला, त्यावर तबली म्हणजे लाकडी झाकण बसवले आणि तासन्‌तास कान लावून जवारी काढली, म्हणजे तार घुमावी असा घोडीला घाट दिला, म्हणून जन्माला आला आहे. आयपॅडमधला पियानोही तसाच खऱ्या पियानोचा ऋणी आहे. ज्याच्याकडून घेतले, त्यालाच चिरडून दाखवणे हा कृतघ्नपणा आहे आणि लोकांना तोच बोचला.

बदलाची भीती म्हणावी, तर मिरजेचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हा तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवण्याकडे वळले, आणि त्या परंपरेतील सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले. नवे शिकताना या कारागिरांना हातातले कसब मोडून टाकावे लागले नाही.

खेदाची बाब ही की याच कंपनीला हे एकेकाळी उत्तम कळत होते. २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयपॅड सादर करताना स्टीव्ह जॉब्ज यांनी शेवटी पडद्यावर चौकातल्या दोन पाट्या दाखवल्या होत्या. एकीवर तंत्रज्ञान आणि दुसरीवर मानव्यविद्या असे लिहिले होते, आणि आपली कंपनी या दोन रस्त्यांच्या मिलनाशी उभी राहण्याचा प्रयत्न करत आली आहे, असे त्यांनी सांगितले होते. चौदा वर्षांनी त्यातला एक रस्ता प्रेसखाली गेलेला पाहून त्या कंपनीवर प्रेम करणाऱ्यांनाच सर्वांत जास्त वाईट वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

जपानमधून आलेल्या प्रतिक्रिया विशेष तीव्र होत्या. मोडलेल्या शिवणाच्या सुयाही मऊ टोफूत खोचून, त्यांचे आभार मानून निरोप देण्याची हरी-कुयो ही प्रथा त्या देशात आहे. वाद्याला चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करणाऱ्या आपल्या लोकांना तरी त्यांचा राग समजायला हवा.

माफी वेळेवर आली, हे मी मान्य करते. पण ही चित्रफीत सादरीकरणापूर्वी कंपनीतील कितीतरी जणांच्या नजरेखालून गेली असणार, आणि त्यांत कुणी ना कुणी पियानो वाजवणारेही असणार. त्यांच्यापैकी कुणी हरकत घेतली होती का, आणि घेतली असल्यास ती कुणी ऐकून घेतली का, हे कंपनीने सांगायला हवे होते.

आपली,
एक संगीतशिक्षिका, सांगली